देवाला लोड, मग माणसाला स्टूल का नाही?

मराठीत उभं राहण्याला फार मान आहे. मुलगा मिळवता झाला की तो 'स्वतःच्या पायावर उभा राहिला'. अडचणीत कोणी धावून आलं की तो 'पाठीशी उभा राहिला'. संस्था उभ्या करायच्या असतात, निवडणुकीला उभं राहायचं असतं. बसण्याच्या वाट्याला मात्र सगळं वाईट आलंय. धंदा बसतो, घसा बसतो, पैसे बुडाले की माणूस डोक्याला हात लावून बसतो, आणि काहीच काम न करणारा 'बसून खातो'. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला असली शब्दांची उलटापालट करायची खोड असतेच, ती तुम्ही चालवून घ्या. पण मंडळी, या शब्दांमागे एक समजूत लपलेली आहे. उभा आहे तो कामाचा आणि बसला आहे तो आळशी. या समजुतीची किंमत कोणाच्या तरी पोटऱ्या आणि टाचा रोज मोजत असतात. आज त्याबद्दल लिहायचं आहे.

माझा या विषयावर थोडाफार अधिकार आहे. तेहेतीस वर्षं मी उभं राहून शिकवलं. रोज पस्तीस मिनिटांचे सहा तास म्हणजे साडेतीन तास फळ्यापुढे. त्यात सकाळची प्रार्थना, मधल्या सुट्टीत जिन्याजवळची देखरेख, आणि परीक्षेच्या दिवसांत तीन-तीन तासांचं पर्यवेक्षण. एका शाळेत तर मुख्याध्यापकांनी वर्गातल्या खुर्च्याच काढून घेतल्या होत्या. 'बसून शिकवणारा शिक्षक मनानंही बसलेला असतो' असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्वतःच्या खोलीतली खुर्ची गादीची होती, हे जाता जाता सांगते. आमच्यातल्या एका बाईंच्या पायांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या होत्या. पुढे घोट्याजवळ जखम झाली ती महिनोन्‌महिने भरेना. त्या साडीची किनार जरा खाली ओढून घेत, दिसू नये म्हणून. तक्रार कधी केली नाही. तक्रार करायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

उभं राहिल्यानं पाय का दुखतात, हे आधी साध्या भाषेत सांगते. (जुनी सवय. फळा नाही, एवढंच.)

हृदयातून निघालेलं रक्त पायापर्यंत उताराला लागल्यासारखं जातं. परत वर चढायचं तर मात्र चार फूट चढण. ही चढण पार करायला निसर्गानं पोटरीचे स्नायू दिले आहेत. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांच्या आत छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला खाली घसरू देत नाहीत. डॉक्टर लोक पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात ते उगीच नाही. नुसतं स्तब्ध उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरांमधला दाब साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चालायला लागलं की तोच वीस-तीसवर उतरतो. म्हणजे बघा, चालणाऱ्याचे पाय उभ्या राहणाऱ्यापेक्षा सुखी. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की रक्त खाली साठतं, त्यातलं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं, घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. वर्षानुवर्षं असंच चाललं की झडपा ढिल्या पडतात आणि शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. त्यांनाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. घराण्यात असेल, बाळंतपणं झाली असतील, वजन जास्त असेल, तर हे लवकर होतं.

पंधरा ऑगस्टच्या कवायतीला दरवर्षी एखादं पोर धाडकन पडायचं. 'सकाळी खाऊन आला नसेल' असं म्हणून आम्ही त्याला ग्लुकोज पाजायचो. ते खरंही असे, पण बरेचदा कारण पायांत असे. स्तब्ध उभं राहून रक्त खाली साठलं, मेंदूला कमी पडलं, की घेरी आली. अशा वेळी आडवं झोपवून पाय उचलून धरले की पोर दोन मिनिटांत डोळे उघडतं. आणि ओळीत उभ्या असलेल्यांनी बुटातल्या बुटात बोटं हलवत राहिली, टाचा किंचित उचलत राहिल्या, तर ही वेळच येत नाही.

दुखण्याचं दुसरं ठिकाण तळपाय. एका पावलात २६ हाडं असतात आणि त्यांची मिळून एक कमान होते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याच्या आतून एक जाड पट्टा जातो, तो ही कमान ताणून धरतो. दिवसभर उभं राहून तो पट्टा टाचेपाशी दुखावला की सकाळी अंथरुणातून उतरताना पहिली चार पावलं सुईवर पडल्यासारखी पडतात. मग जरा चाललं की बरं वाटतं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. आमच्या पिढीतल्या निम्म्या बायकांना हे दुखणं माहीत आहे. पूर्वी स्वयंपाक बसून होता. चुलीपुढे पाट, भाजीला विळी, वाटायला पाटा. त्यात गुडघे आणि कंबर जायची. मग ओटा आला, गॅस आला, आम्हाला वाटलं सुटलो. गुडघे काही अंशी सुटले खरे, पण टाचा अडकल्या. गार फरशीवर अनवाणी दोन दोन तास उभं राहायचं, हे ओट्याबरोबर आलं.

आता उपाय. यातले बहुतेक मी स्वतः करते, आणि फुकटचे आहेत.

पहिला आणि सगळ्यात सोपा. घरी आल्यावर आडवं व्हायचं आणि पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचे. दोन उशा, नाहीतर सरळ भिंत. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, लोड, दोर यांच्या आधारानं आसनं शिकवली. त्यातली भिंतीला पाय लावून करायची विपरीत करणी म्हणजे उभ्या कामाच्या माणसाला वरदान. (हृदय अशक्त असल्यानं आडवं पडलं की धाप लागते, किंवा डोळ्यांत काचबिंदू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.) खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवणं हे बरं, पण आडवं होण्याची सर त्याला नाही.

दुसरा, घोटे हलवणं. पाऊल वर, खाली, गोल. वीस वेळा. पोटरीचा पंप चालू करायला एवढं पुरतं. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यायचा, टाच जमिनीला चिकटवून पोटरीला ताण द्यायचा, तीस आकड्यांपर्यंत मोजायचं. टाचदुखीवाल्यांनी सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच पंचा पावलाच्या चवड्याला अडकवून आपल्याकडे ओढावा. आणि बसल्या बसल्या पाण्याची बाटली तळपायाखाली पुढेमागे लोळवावी.

तिसरा, कोमट पाणी. त्यात मीठ घालावं की नाही यावर आमच्या घरात वाद आहे. माझं मत, आराम पाण्याच्या उबेनं मिळतो, मिठानं फक्त मनाचं समाधान होतं. पण मधुमेह्यांनी इथे फार जपायचं. त्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते, पाणी कढत आहे हे कळतच नाही, आणि पाय भाजून निघतात. कोपर बुडवून पाणी पाहावं, किंवा घरच्या दुसऱ्या कोणी पाहावं. रोज रात्री तळवे आरशात बघायची सवयही त्यांनी लावून घ्यावी.

चौथा आपल्या आजीचा, काशाची वाटी. तळव्यांना तेल किंवा तूप लावून वाटीनं घासायचं. आयुर्वेदानं पायांच्या अभ्यंगाला मोठं स्थान दिलं आहे. माझी आजी वाटीच्या घासण्यानं काळं झालेलं तेल दाखवून म्हणायची, 'बघ, किती उष्णता निघाली!' तो काळेपणा तेल आणि काशाच्या घर्षणातून येतो, अंगातल्या उष्णतेचा त्यात संबंध नाही. पण तळवे चोळल्यावर झोप छान लागते, यात शंका नाही. चोळताना पोटरीकडे, म्हणजे खालून वर हात न्यावा. एकाच पायाची पोटरी सुजलेली, लाल, गरम आणि दुखरी असेल तर मात्र चोळायची अजिबात नाही, तडक डॉक्टरांकडे जायचं. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. दोन्ही पायांवरची सूज सकाळीही उतरत नसेल, बोटानं दाबल्यावर खळगा राहत असेल, तर हृदय आणि मूत्रपिंड तपासून घ्यावं. सगळ्याचं खापर उभं राहण्यावर फोडू नये.

पाचवा, पायातलं. अगदी सपाट, पातळ चप्पल उंच टाचेइतकीच वाईट. मऊ पण दबून न जाणारा तळवा, टाचेला जेमतेम इंचभर उंची, आणि पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा. खरेदी संध्याकाळी करावी, कारण पाऊल दिवसभरात फुगतं. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. डॉक्टरांनी सांगितले असतील तर घट्ट मोजे सकाळी, सूज यायच्या आधी चढवावेत. पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर ते अपाय करतात, म्हणून आपल्या मनानं घेऊ नयेत.

आणि उभं राहूनच काम करायचं असेल तेव्हा एक पाय चार-सहा इंच उंचीवर ठेवायचा, थोड्या वेळानं दुसरा. मी ओट्याखाली जुना पाट ठेवला आहे. सासूबाईंच्या वेळी त्यावर जेवायला बसायचे, आता तो माझा एक पाय सांभाळतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, झालं, बाईंचा आरोग्याचा तास संपला. मलाही तसंच वाटलं होतं. ही यादी मी खरं तर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीसाठी तयार केली होती. चाळिशीची आहे, कापडाच्या एका मोठ्या दुकानात कामाला. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ, मध्ये जेवायला अर्धा तास. लग्नसराईत त्याहून जास्त. दुकानात गिऱ्हाइकांसाठी गुबगुबीत कोच आहेत, विक्रीच्या मुलींसाठी काही नाही. गिऱ्हाईक नसतानाही टेकायचं नाही, वर कॅमेरा आहे. टेकलेली दिसली की पगारातून पैसे कापतात. 'बाई, संध्याकाळी चपलेत पाय मावत नाही,' ती म्हणाली. मी तिला वरचं सगळं समजावून सांगितलं, भिंतीला पाय कसे लावायचे ते करूनही दाखवलं. तिनं वर्गात ऐकायची तसं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'बाई, हे सगळं रात्रीचं झालं. दुपारचं काय?'

मंडळी, या प्रश्नाला माझ्या यादीत उत्तर नव्हतं. कारण ते उत्तर तिच्या हातात नाही. पाण्याची बादली, काशाची वाटी, भिंत हे सगळं तिचं. स्टूल मालकाचं. दुखणं होऊ द्यायचं आणि मग त्यावर उपाय करत बसायचं, ही उलटी रीत झाली. दुपारी गिऱ्हाईक नसताना मिळालेली दहा मिनिटं रात्रीच्या तासाभराच्या चोळण्यापेक्षा मोलाची. आपल्याकडे 'पाय दुखतात, काय करू?' असं विचारलं की दहा जण दहा तेलं सांगतात. 'तुला बसू का देत नाहीत?' असं कोणी विचारत नाही.

हा प्रश्न काही नवा नाही. इंग्लंडमध्ये १८९९ साली दुकानांतल्या स्त्री-नोकरांना आसनं देण्याचा कायदा झाला. दर तिघींमागे एक तरी आसन हवं, असा. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यात ४४वं कलम याचसाठी होतं. ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्यांना कामाच्या ओघात सवड मिळेल तेव्हा बसता यावं, म्हणून बसायची सोय ठेवावी, असं ते सांगत होतं. २०२० साली संसदेनं मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेतही उभ्यानं काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. पण दुकानातल्या बायकांची खरी गोष्ट केरळात घडली. कोझिकोडमध्ये शिवणकाम करणाऱ्या विजी नावाच्या बाईंनी 'पेनकूट्टू' या संघटनेतून दुकानांत काम करणाऱ्या बायकांना एकत्र केलं. मागण्या काय, तर लघवीला जाऊ द्या आणि बसू द्या! माणसाला यासाठी लढावं लागावं, याची लाज कोणाला वाटायला हवी ते तुम्हीच ठरवा. काही वर्षांच्या लढ्यानंतर २०१८ साली केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ साली तमिळनाडूनंही तेच केलं.

आमचे धाकटे दीर हे वाचणार आहेत आणि त्यांचा फोन येणार आहे, म्हणून त्यांचं म्हणणं मीच मांडते. भाऊजींनी चाळीस वर्षं दुकान चालवलं. ते म्हणतात, 'वहिनी, गिऱ्हाईक आत आलं आणि नोकर बसलेला दिसला, तर दुकान झोपलेलं वाटतं. उभं राहणं हा गिऱ्हाइकाचा मान आहे.' दुसरं म्हणतात, 'बसायला दिलं की आळस शिरतो.' आणि तिसरं, 'जागा कुठे आहे?'

भाऊजी, पहिल्यापासून घेऊ. तुमचे वडील दुकान चालवायचे तेव्हा लोक काय म्हणायचे? 'मामंजी दुकानावर बसतात.' पेढीवर बसतात, गादीवर बसतात. आपल्याकडे व्यापाराचं क्रियापदच मुळी बसणं हे होतं! जुन्या कापडदुकानांत पांढऱ्या शुभ्र गाद्या असायच्या. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर, विकणाराही गादीवर, मध्ये लुगड्यांची रास. कोणाचा अपमान होत नव्हता. गादी गेली, काउंटर आलं, तेव्हा मालकाला गल्ल्यामागे उंच खुर्ची मिळाली आणि नोकराला नुसती फरशी. म्हणजे उभं राहणं ही काही आपली परंपरा नव्हे. बँकेतला कारकून बसून पैसे देतो, डॉक्टर बसून नाडी बघतात, वकील बसून सल्ला देतात. आपला मान जातो का? मान उठून 'या' म्हणण्यात आहे. त्यासाठी आधी बसलेलं असावं लागतं.

आळसाचं म्हणाल तर, दुखऱ्या टाचेवर उभी असलेली बाई साडी दाखवताना तुमच्याकडे बघते की घड्याळाकडे? थकलेला माणूस चुका जास्त करतो, चिडतो जास्त, आणि शेवटी नोकरी सोडून जातो. मग नवी मुलगी शिकवायला तुम्हालाच उभं राहावं लागतं. आणि जागा? घडीच्या स्टुलाला हातभर जागा लागते. पुतळ्याला लागते तेवढीच. भरगर्दीत कोणी बसू शकत नाही हे मलाही कळतं, तसं कोणी मागतही नाही. जुना कायदाही 'सवड मिळेल तेव्हा' एवढंच म्हणत होता. दिवसभर नुसतं बसून राहणंही पायांना चांगलं नाही, तेही खरं. शरीराला हवा असतो बदल. थोडं उभं, थोडं बसणं, चार पावलं चालणं.

आणखी एक सांगते. शाळेत उभं राहणं ही शिक्षा असते. 'बाकावर उभा राहा', 'वर्गाबाहेर उभा राहा' हे आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. अर्ध्या तासात पोर एका पायावरून दुसऱ्या पायावर येतं. म्हणजे उभं राहण्यानं त्रास होतो हे समाजाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर त्याची शिक्षा केली. मग जी शिक्षा म्हणून देतात, तीच दहा तासांच्या नोकरीची अट कशी होते? मॉलच्या दारातला रखवालदार, खानावळीतला वाढपी, सलूनमधला मुलगा, इस्त्रीवाला, चौकातला पोलीस, परिचारिका. डोळे उघडून पाहिलं तर अर्धं शहर उभं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याला ते दिसत नाही.

शेवटी पंढरपूरचं सांगते, कारण हे मला नेहमी तिथेच आठवतं. आपला विठोबा उभा देव. कमरेवर हात ठेवून विटेवर उभा. आषाढी-कार्तिकीला भक्तांची रीघ लागते तेव्हा देवाचा पलंग काढतात, म्हणजे दिवसरात्र दर्शन, झोप नाही. मग देवाला शीण होईल म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी मऊ कापसाचा लोड देतात आणि रुक्मिणीमातेला तक्क्या. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा. पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं स्नान घालतात, रात्री शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग देव शेजघरात झोपतो. किती गोड कल्पना आहे बघा! दगडाच्या मूर्तीचे पाय दुखत असतील, हे ज्या समाजाला शेकडो वर्षांपूर्वी सुचलं, त्या समाजाचं मन काही निबर नाही. वारीची वाट चालून आलेल्या अनोळखी वारकऱ्यांचे पाय पुण्यात लोक मांडीवर घेऊन चेपतात, त्यांच्या तुटलेल्या चपला शिवून देतात. ही माया आपल्यात आहे. तिला फक्त दुकानाचा उंबरा ओलांडता येत नाही. आणि लक्षात घ्या, देवालाही लोड देतात तो उभं असतानाच. 'यात्रा संपू दे, मग रात्री काढा देऊ' असं म्हणत नाहीत. दुपारचं काय, हा प्रश्न पंढरीच्या पुजाऱ्यांना माझ्याआधी कळला होता.

आपण काय करू शकतो? कायदे सरकार करेल तेव्हा करेल. पण गिऱ्हाईक आपणच आहोत. दुकानात गेल्यावर आपण कोचावर बसलो आणि समोरची मुलगी उभी असेल, तर 'बस गं, मी बघते तोवर' एवढं म्हणायला काय जातं? ती बसणार नाही, घाबरून वर कॅमेऱ्याकडे बघेल. म्हणून बिल देताना गल्ल्यावर शांतपणे सांगायचं, 'तुमच्या मुली बसलेल्या दिसल्या तर आम्हाला वाईट वाटणार नाही, उलट पुढच्या वेळी इथेच येऊ.' दुकानदार शेवटी गिऱ्हाइकाचं ऐकतो. ज्यांच्या सोसायटीत रखवालदार आहे त्यांनी त्याची खुर्ची मोडकी आहे का, आहे तरी का, एवढं आज खाली उतरून बघावं. घरात पोळ्यांना बाई येत असतील तर ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवावं. कणीक मळायला उभं राहायलाच हवं असं काही नाही.

माझ्या विद्यार्थिनीच्या दुकानात अजून स्टूल आलेलं नाही. मी तिथे दोनदा जाऊन मालकांशी बोलले. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, 'बघू, दिवाळीनंतर.' मी तारीख विचारून ठेवली आहे. घरातलं आणि ओळखीतलं कोणी खरेदीला त्या बाजूला जाणार असेल तर मला आधी फोन करा. दुकान कुठलं ते सांगेन, आणि गल्ल्यावर काय म्हणायचं ते वर लिहिलंच आहे.